घामाचा पैसा आणि पन्नास दिरहम

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा जत्रेच्या आधी एक छापील पत्रक घरोघर वाटले गेले. ते आमच्या शाळेच्या निवृत्त गुरुजींनी काढले होते. गुरुजी आता डोंबिवलीला मुलाकडे असतात, पण गावच्या मंडळात त्यांचा शब्द अजून चालतो. गावातली दहा-बारा माणसे दर आठवड्याला देवगडच्या स्टँडजवळून लॉटरीची तिकिटे आणतात, तेवढ्या पैशांत देवळाच्या छपराची कौले कधीच बदलून झाली असती, असा त्यांचा हिशेब होता. चहाच्या टपरीवरून त्याला उलट उत्तर गेले की पन्नास-शंभर रुपयांच्या तर माणूस आठवड्याला विड्या ओढतो, त्यापेक्षा ही गंमत बरी, आणि जे सरकारच विकते त्यात पाप कसले. वहिनीने हे सगळे मला फोनवर वाचून दाखवले. मी तेव्हा दुबईतल्या कुसैसमध्ये, घरी पैसे पाठवायला, एक्स्चेंजच्या रांगेत उभा होतो. पत्रकाचे शेवटचे वाक्य ऐकले आणि माझा टोकन क्रमांक येऊन गेल्याचे मला समजलेच नाही. वाक्य असे होते : "दुबईला जाऊन घामाचा पैसा मिळवणाऱ्या आपल्याच मुलांकडून यांनी काही शिकावे."

आमच्या गावातून दुबईला असलेले आम्ही चौघेच. त्यामुळे हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, याविषयी शंकेला जागा नव्हती. संताप आला तो एवढ्यासाठी की त्या क्षणी माझ्या पाकिटात, एमिरेट्स आयडीच्या मागे, येत्या सोडतीच्या तिकिटाची छायाप्रत घडी करून ठेवलेली होती.

गुरुजींचे गणित मला मान्य आहे. किंबहुना त्यांनी ते पुरते मांडलेच नाही, असे माझे म्हणणे आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. केरळने त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, हा उद्योग सरकारी केला होता. लोक मटक्याच्या नादी लागले आहेत, त्यांना त्यातून सोडवावे आणि राज्याच्या तिजोरीतही भर पडावी, असा आपल्याकडे सांगितलेला हेतू होता. आज त्या तिकिटाचे काय होते ते पाहावे. लॉटरीवर मार्च २०२० पासून २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. त्यातून विक्रेत्याची दलाली, छपाई आणि सरकारचा वाटा गेल्यावर जे उरते त्याची बक्षिसे होतात. त्यातले एखादे मोठे बक्षीस खरोखरच लागले, तर ३० टक्के प्राप्तिकर आधीच कापून घेतला जातो आणि आजवर न लागलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे वीस वर्षे हरलेला माणूस एकविसाव्या वर्षी जिंकला, तर सरकारच्या लेखी तो आयुष्यात एकदाच खेळलेला असतो.

आमच्याकडे असे नाही. (मागचे वाक्य लिहून झाल्यावर ‘आमच्याकडे’ खोडून ‘इथे’ करावे असे मनात आले होते, पण राहू दिले आहे.) दुबई विमानतळावरच्या ‘दुबई ड्यूटी फ्री’ दुकानांची दहा लाख डॉलरची सोडत १९९९ पासून चालू आहे. तिकीट १,००० दिरहमचे असते आणि एका मालिकेत तिकिटे फक्त ५,००० असतात. एकूण जमा ५० लाख दिरहम, बक्षीस साधारण पावणेसदतीस लाख दिरहमचे. म्हणजे शंभरातले त्र्याहत्तर लोकांकडे परत जातात आणि पहिले बक्षीस मिळण्याची शक्यता पाच हजारांत एक, जी देवगडच्या स्टँडवर मिळणाऱ्या कोणत्याही तिकिटापेक्षा कितीतरी पटीने चांगली आहे. बक्षिसावर इथे कर नाही. हे सारे मी वहिनीला मोठ्या आवाजात ऐकवले आणि शेवटी विचारले की आता सांगा, अडाणी कोण. ती म्हणाली, एक हजार दिरहम म्हणजे किती? तेवीस हजार रुपयांहून जास्त होतात, हे मला सांगावे लागले. आमच्या गावात तेवढ्यात दोन महिने घर चालते. मी सोयीची तुलना करतो आहे, हे त्यानंतर मलाच उमगले; शिवाय ते हजाराचे तिकीट मी स्वतः कधीच घेतलेले नाही.

गावातल्या ज्या तिकिटांवर हा वाद चालला आहे, त्यांची मला माहिती आहे ती काकांमुळे. काका लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, वर्षभर वाट पाहून ते गावी परतले, आणि मुंबईत त्यांना जडलेल्या सवयींपैकी मटक्याचे ओपन-क्लोज मागेच सुटले, एवढे एक त्या संपाने बरे केले असे काकी म्हणत असे. गावी ते आठवड्याला एकच तिकीट घेत. ते आणल्यावर पंचांगात, येणाऱ्या सोडतीच्या तिथीच्या पानावर ठेवत. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने येई. ते ओटीवर बसून आधी निकालाचे पान उघडत, कानामागची पेन्सिल काढून शेवटचा अंक, मग शेवटचे दोन, मग तीन, असे उजवीकडून डावीकडे ताडून पाहत आणि तिसऱ्या अंकाला बहुतेक थांबत. मग तेच वर्तमानपत्र पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचून काढत. पैसे फुकट जातात असे मी शहाणपणाने सुनावले, तेव्हा ते म्हणाले होते, "लागला तर लागला, नाय तर पेपर वाचूक कारण गावता."

म्हणून टपरीवरची मंडळी ‘गंमत’ म्हणतात, तेव्हा मला काका आठवतात आणि त्यांचे पटते. परंतु गंमत हा शब्द सगळीकडे चालत नाही. आमच्या शेजारचा एक खलाशी, माझ्याच वयाचा, याच शब्दाने बुडाला. तालुक्याच्या गावी ऑनलाइन लॉटरीची दुकाने निघाली, तेव्हा तिथे दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर नवा आकडा येत असे. मासळीचा वाटा घेऊन तो सकाळी आत जाई आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने शेवटच्या गाडीने परत येई. पुढे होडीच्या इंजिनातला त्याचा हिस्साही गेला. काकांच्या तिकिटात आठ दिवस वाट पाहणे होते आणि ती वाट पाहण्याचीच काय ती किंमत होती. पंधरा मिनिटांच्या सोडतीत वाट पाहायला वेळच नव्हता, फक्त पुन्हा लावायला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो मला योग्य वाटतो, आणि कागदी तिकिटालाही त्याच दावणीला बांधणारे गुरुजींचे पत्रक योग्य वाटत नाही. फरक पैशांत नाही, दोन सोडतींमधल्या वेळेत आहे, एवढे शाळेत चाळीस वर्षे तास घेतलेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती.

पण पुन्हा त्या वाक्याकडे येतो. ‘दुबईला जाऊन घामाचा पैसा.’ मी २००६ साली इथे आलो, तेव्हा मुंबईतल्या एका एजंटाला ऐंशी हजार रुपये दिले होते. आज एजंटाला कायद्याने सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. तेव्हाही ऐंशी हजार नियमात बसत नव्हतेच, फक्त ते विचारणारे कोणी नव्हते. आईच्या दोन पाटल्या त्यासाठी मोडल्या आणि कलमांची बाग तीन वर्षांच्या कराराने एका व्यापाऱ्याला आगाऊ पैशांवर दिली. ज्या कामाचा व्हिसा सांगितला होता ते काम नव्हतेच. मी स्टोअरकीपर म्हणून निघालो आणि पहिले आठ महिने जेबेल अलीला कंटेनर रिकामे करत होतो. माझ्याच एजंटाकडून आलेली दोन मुले सहा महिन्यांत परत गेली. त्यांच्या घरचे सोने सुटले नाही. हिशेबच करायचा तर आमच्या घराने घेतलेले सर्वांत महागडे तिकीट ते होते, आणि ते लागेल की नाही याची कसलीही शक्यता त्यावर छापलेली नव्हती. तरीही निघताना गुरुजींनी स्वतः येऊन माझ्या हातात नारळ ठेवला होता. गावात कोणीही त्याला जुगार म्हटले नाही. माझे तिकीट लागले म्हणून तो घामाचा पैसा झाला.

माझ्या पाकिटातले ते तिकीट बिग टिकेट या अबुधाबीच्या लॉटरीचे. तिची सोडत दर महिन्याच्या तीन तारखेला असते. तिकीट ५०० दिरहमचे, दोन घेतली की तिसरे मोफत. आमच्या गोदामातले आम्ही वीसजण प्रत्येकी पन्नास दिरहम काढतो. वही ठेवतो तो मलप्पुरमचा सहकारी. त्याच्याकडे घरच्या ओणम बंपरचाही हिशेब असतो, पाचशे रुपयांचे तिकीट आणि पंचवीस कोटींचे पहिले बक्षीस, आणि त्याविषयी बोलताना केरळच्या माणसाला कधी लाजल्यासारखे होत नाही, हे मी पाहिले आहे. अकरा वर्षांत माझे साडेसहा हजार दिरहम यात गेले. आजच्या भावाने दीड लाखाहून जास्त रुपये होतात. कौले नव्हे, देवळाचे छप्परच झाले असते. २०२४ मध्ये नियमांच्या कारणाने सोडत काही आठवडे थांबली होती. पैसे वाचले, याचा आनंद कोणालाच झाला नाही. जेवणाच्या सुटीत आम्ही डबे उघडून गप्प बसू लागलो.

कारण त्या सुटीत आमचा एकच खेळ चालतो : लागली तर काय करशील. सियालकोटचा ड्रायव्हर दर वेळी उत्तर बदलतो. कधी ट्रक, कधी बहिणींची लग्ने, एकदा तर त्याने शाळाच काढली. माझे उत्तर अकरा वर्षे एकच आहे, आणि ते सर्वांना इतके पाठ आहे की माझी पाळी आली की तेच कोरसमध्ये म्हणतात : राजीनामा, एकेरी तिकीट, घराची पडवी नव्याने बांधणार आणि बागेत राहणार.

पडवी २०१९ मध्येच बांधून झाली. बाग कधीची सुटली आहे, कर्ज राहिलेले नाही, मुलगी पुण्यात नोकरीला लागली. परत जाण्यासाठी लॉटरीची गरज होती, ती केव्हाच संपली, आणि तरी मी पन्नास दिरहम काढतो. क्रमांक लागलेला नाही तोवर मला कोणी विचारत नाही, की मग अजून आला का नाहीस. मीही स्वतःला विचारत नाही. चौदा-पंधरा दिवसांसाठी गावी गेलो की तिसऱ्या दिवसापासून मला वीज गेल्याचा राग येतो, बँकेतल्या रांगेचा राग येतो, दुपारच्या शांततेचाही येतो, आणि विमानात बसलो की त्याच शांततेसाठी घसा दाटतो. हे कोणत्या पत्रकात लिहावे? दुबईकर म्हणून गावाने जो कौतुकाचा पाट मांडून ठेवला आहे, तो दूर असलेल्या माणसासाठी आहे. परतलेल्याला तिथे जागा असते, पाट नसतो. काकांनी ते सोसले. मला जमेल असे वाटत नाही, आणि हे वाटणे झाकायला महिन्याला पन्नास दिरहम मला जास्त वाटत नाहीत.

गुरुजींना मी उत्तर लिहिले नाही. कौलांसाठी पाचशे दिरहमइतके रुपये पाठवले. त्याची पावती वहिनीने फोटो काढून धाडली. नावापुढे कंसात ‘दुबई’ आणि खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात ‘कष्टाची देणगी’. मग तिचा फोन आला. पैसे पोचल्याचे सांगून झाल्यावर मी, का कोण जाणे, तिला तिकिटाचे सांगून टाकले, वीसजणांचे, वहीचे, अकरा वर्षांचे. ती रागावेल असे वाटले होते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मागे परसात कोणीतरी नारळाची झावळी ओढत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "भावजी, लागला तर येतलास मां?"

मी तिला विचारले की यंदा मोहोर कसा आहे.