रीइटरेट कसे करावे

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली आणि माझं मोठंच अज्ञान फिटलं. 'पुन्हा सांगतो' म्हणणारा साधा मेंबर असतो. 'आय वुड लाइक टू रीइटरेट' म्हणणारा सेक्रेटरी असतो. तुम्हालाही वर चढायचं असेल तर घ्या लिहून.

उच्चाराची चिंता नको. रीट्रेट, रिट्रीट, रेटारेट, काहीही चालतं. 'रिट्रीट' म्हणजे माघार, हे भर सभेत कोणी काढत नाही.

शेवटी 'अगेन' लावायला विसरू नका. लॅटिनमध्ये 'इतेरुम' म्हणजेच 'पुन्हा'. त्यातून आलेल्या 'इटरेट'ला पुढून 'री' चिकटला की पुन्हा-पुन्हा, आणि तुमचा 'अगेन' तिसरा. मधे दोनदा डुलकी लागली तरी ऐकणाऱ्याचं काही बुडत नाही.

'रिपीट' टाळा. (इंग्रज-अमेरिकनांच्या तोफखान्यात वायरलेसवर 'रिपीट' म्हटलं की मघाचाच मारा पुन्हा होतो, म्हणून ऐकू आलं नाही तर तिथे 'से अगेन' म्हणतात. आमच्याकडे मारा कुठल्याही शब्दाने होतो.)

मराठीतच बोलायचं असेल तर 'पुनरुच्चार' आहे, पण तो मंत्र्यांचा.

बाकी मराठी शब्द स्वतःला लावून बघा. 'मी पालुपद लावतो', 'मी तेच दळण दळतो', 'मी चर्वितचर्वण करतो'. जमतं? आपल्या भाषेत तेच ते बोलणाऱ्याला थोडी लाज वाटायची सोय आहे. म्हणून तर इंग्रजी लागतं! पाण्याच्या मोटरीचं विचारलं, तर 'आय रीइटरेट, प्रोसेस सुरू आहे.' कोटेशनं किती आली? 'ॲज आय हॅव रीइटरेटेड...' मी चहाच्या कागदी कपावर रेघा ओढत होतो. अकरा झाल्या, कप भिजून मऊ पडला, मोटर जागच्या जागी. बावीस दिवस बी विंगमधली म्हातारी माणसं चौथ्या मजल्यावर बादल्या चढवताहेत, दर जिन्यावर टेकताहेत, आणि हे गृहस्थ टाय लावून रीइटरेट करताहेत!

अहो, सभेला बत्तीस माणसं होती, सगळी मराठी. हे इंग्रजी कोणासाठी चाललं होतं? पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच ऐकलं होतं आम्ही. ऐकू आलं नाही म्हणून विचारत नाही, काम झालं नाही म्हणून विचारतोय. मोटर रिवाइंडिंगला टाकली की नाही? हो की नाही, तेवढं सांगा आणि खाली बसा.