स्वस्ताईची शाबासकी आणि कपाटातले अहवाल

सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, अनिवासी भारतीयांच्या तुडुंब गर्दीसमोर पंतप्रधानांनी एक हिशेब मांडला होता. अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, आपण मंगळावर सात रुपयांत पोचलो. गुणाकार बरोबर आहे: ६५ कोटी किलोमीटर गुणिले सात म्हणजे साधारण साडेचारशे कोटी. तेव्हापासून परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर प्रत्येक प्रक्षेपणाच्या दिवशी हा हिशेब नव्याने उगवतो. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी हटकून विचारतो, की शेतकऱ्याच्या पोटाला नाही आणि चंद्रावर कशाला जाता? मग दोन दिवस जुंपते आणि विषय थंड होतो.

दोन्ही बाजू पैशावरच भांडतात. इथे जर्मनीत राहून, युरोपीय अवकाश संस्थेचं नियंत्रण केंद्र ज्या डार्मस्टाटमध्ये आहे त्या गावाच्या आसपास वावरताना वाटतं, की आपण चुकीच्या रकान्यावर बोट ठेवून बसलो आहोत.

आधी त्या सात रुपयांचं बघू. अवकाशात अंतराला पैसे पडत नाहीत, वेग बदलायला पडतात. ५ नोव्हेंबर २०१३ ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने मंगळयान सोडलं ते पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत. जवळचं टोक सुमारे २५० किलोमीटरवर, दूरचं साडेतेवीस हजारांवर. त्यापुढचं काम यानावरच्या ४४० न्यूटनच्या इंजिनाचं, म्हणजे जमिनीवर जेमतेम ४५ किलो वजन तोलेल एवढा त्याचा जोर. म्हणून यान प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन थोडा वेळ पेटवायचं. वेग जास्त असताना जाळलेलं इंधन जास्त ऊर्जा देऊन जातं, त्यामुळे दूरचं टोक लांबलांब सरकतं. १ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर साधारण २२ मिनिटांचं ज्वलन झालं, वेगात सेकंदाला ६४८ मीटरची भर पडली आणि यान पृथ्वीच्या तावडीतून सुटलं. पुढचे जवळपास दहा महिने किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर नुसतं तरंगणं. २४ सप्टेंबर २०१४ ला २४ मिनिटांचा ब्रेक, की मंगळाची कक्षा. त्या ६५ कोटी किलोमीटरपैकी बहुतेक किलोमीटर फुकटातच कापले गेले. रिक्षाचं मीटर तिथे लावणं म्हणजे गंमत आहे.

स्वस्ताई खरी आहे, पण तिला कारणं आहेत. लहान रॉकेट, चांद्रयान-१ च्या वेळी वापरलेल्या जातीचाच सांगाडा, कमी चाचणी-प्रतिकृती, आणि आपल्याकडचे पगार. निघताना यानाचं वजन १,३३७ किलो, त्यातलं ८५२ किलो इंधन, आणि वैज्ञानिक उपकरणं सगळी मिळून १५ किलोच्या आसपास. नासाचं मेव्हन हे मंगळयान १३ दिवस उशिरा निघालं, मोठ्या ॲटलस रॉकेटवरून थेट मंगळाच्या वाटेला लागलं आणि आपल्या दोन दिवस आधी पोचलं. त्याच्यावर ६५ किलोची उपकरणं होती. ज्याचा सर्वांत गाजावाजा झाला त्या आपल्या मिथेन-मापकाच्या रचनेतच खोट निघाली. मिथेनची खूण इतर वायूंपासून खात्रीने वेगळी काढता येईना, तेव्हा त्याचा उपयोग मंगळाच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मोजायला केला गेला. स्वस्तात गेलो याचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही सांगावं. त्याने मोहिमेचं मोल कमी होत नाही. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत शिरणं आधी कुठल्याच देशाला जमलं नव्हतं.

याच मोहिमेतली एक घटना मला त्या सात रुपयांपेक्षा मोलाची वाटते. ११ नोव्हेंबर २०१३ च्या चौथ्या ज्वलनात वेगात सेकंदाला १३० मीटरची भर पडायला हवी होती, पडली ३५ मीटरची. कारण असं: इंधन सोडणाऱ्या झडपेला दोन गुंडाळ्या होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव व्यवस्था तपासण्यासाठी दोन्हींना एकाच वेळी वीज दिली, आणि नेमका त्याने प्रवाह थांबला. इस्रोने हे त्याच दिवशी जाहीर केलं. कोणत्या गुंडाळीमुळे, किती वेग कमी पडला, दूरचं टोक ७८,२७६ किलोमीटरवर कसं अडकलं, सगळं आकड्यांसकट. दुसऱ्या दिवशी पहाटे जादा ज्वलन करून ते टोक १,१८,६४२ किलोमीटरवर नेलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही. एवढा मोकळेपणा ज्या संस्थेला जमतो, तिच्याकडून तोच पुन्हा मागायचा आहे.

आता इकडचं. युरोपचा अवकाश कारभार काटकसरीचा धडा म्हणून कुणाला दाखवू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनला युरोपीय अवकाश संस्थेच्या सदस्य देशांनी तीन वर्षांसाठी २२ अब्ज युरोंवर रक्कम कबूल केली, त्यात सर्वांत मोठा वाटा जर्मनीचा. पण जो देश जेवढे पैसे देतो, साधारण तेवढ्याच किमतीचं काम त्याच्या कारखान्यांना परत मिळालं पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे आरियान ६ या युरोपच्या नव्या रॉकेटचा वरचा टप्पा ब्रेमेनमध्ये जुळतो, मुख्य टप्पा पॅरिसजवळ, उपग्रहांवरचं टोपण स्वित्झर्लंडमधून येतं, आणि सगळं जहाजात घालून अटलांटिकपार फ्रेंच गयानातल्या कुरूला न्यायचं. २०२० ला उडायचं ठरलेलं हे रॉकेट जुलै २०२४ मध्ये उडालं. मधल्या काळात रशियाचं सोयुझ रॉकेट हातचं गेलं आणि जुनं आरियान ५ संपत आलं होतं, म्हणून युरोपने आपली युक्लिड दुर्बीण अमेरिकी फाल्कनवर चढवली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रोबा-३ या उपग्रहांची जोडी तर श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने पाठवली. आपल्याकडे वालचंदनगरला घन इंधनाच्या रॉकेट-मोटारींची आवरणं आणि विक्रोळीला गोदरेजमध्ये इंजिनं बनतात, ती काही मतांच्या हिशेबाने वाटलेली नाहीत. या बाबतीत युरोपने आपल्याकडून शिकावं.

युरोपकडून शिकण्यासारखं आहे ते काहीतरी बिघडल्यानंतर. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. साधारण १२ किलोमीटर उंचीवर पॅराशूट उघडलं आणि यान अपेक्षेपेक्षा जोरात झोके घेऊ लागलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकलं आणि सुमारे सेकंदभर तिथेच राहिलं. संगणकाने तो कमाल आकडा खरा मानून त्याची बेरीज करत ठेवली, आणि यान जवळजवळ उलटं झालं आहे असा निष्कर्ष काढला. त्या चुकीच्या कलाशी रडारने मोजलेलं अंतर जुळवलं तेव्हा उंची आली उणे. म्हणजे आपण जमिनीखाली! मग पॅराशूट सुटलं, तीस सेकंद चालायची इंजिनं तीन सेकंदांत बंद झाली, आणि यान उतरल्यानंतरची कामं सुरू करून मोकळं झालं. प्रत्यक्षात ते पावणेचार किलोमीटर उंचीवर होतं. हे सगळं मे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या चौकशी अहवालात आहे: झोके किती येतील याचं गणित कुठे कमी पडलं, कमाल आकडा किती वेळ टिकेल याचा अंदाज का चुकला, आणि उणे उंचीसारख्या अशक्य उत्तराला सॉफ्टवेअरने का अडवलं नाही.

आता ७ ऑगस्ट २०२२ चं एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण आठवा, साडेसातशे शाळकरी मुलींनी जोडलेला आझादीसॅट उपग्रह ज्यात होता ते. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक क्षणभर आपल्या मर्यादेपलीकडे गेले. सॉफ्टवेअरने ते सगळे बिघडले असं ठरवलं आणि रॉकेटला आडाखे बांधून चालवायच्या आपत्कालीन वाटेवर टाकलं. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी अशा लंबगोलात गेले, ज्याचं खालचं टोक ७६ किलोमीटरवर होतं. तिथे हवा इतकी असते की उपग्रह टिकत नाही. दोन अपघातांत जवळपास सहा वर्षांचं अंतर आणि दोन खंड आहेत, पण जात एकच: मापक क्षणभर आंधळा झाला आणि संगणकाने त्या क्षणावर कायमचा निर्णय घेतला. इस्रोने या अपयशाची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. टप्पे विलग करणारी यंत्रणा कमी हादऱ्याची बसवली, बिघाड ओळखायचे निकष बदलले, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरं उड्डाण यशस्वी झालं. २०२१ मध्ये फसलेल्या जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटचंही तसंच. हायड्रोजनच्या टाकीवरची झडप गळून दाब उतरला, हे सगळ्यांना वाचायला मिळालं.

मग पीएसएलव्हीच्या बाबतीत हात का आखडला? १८ मे २०२५ ला त्याच्या सी६१ या उड्डाणात तिसऱ्या टप्प्यातल्या ज्वलनकक्षातला दाब घसरला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. समिती नेमली, तिचं काम झालं, अहवाल लोकांपुढे आला नाही. १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडालं आणि पुन्हा तिसऱ्या टप्प्याच्याच अखेरीस घोटाळा झाला. या वेळी इतर देशांच्या गिऱ्हाइकांचे छोटे उपग्रहही बरोबर बुडाले.

घन इंधनाच्या मोटारीत दाब का घसरतो याची कारणं मोजकी असतात. जळणारा पृष्ठभाग आणि नॉझलचा, म्हणजे वायू बाहेर पडायच्या नळकांड्याचा, घसा यांच्या प्रमाणावर दाब ठरतो. घसा झिजून रुंद झाला की दाब हळूहळू उतरतो. आवरणाला किंवा जोडाला भोक पडलं तर दाब उतरतोच, शिवाय वायू बाजूने निसटून रॉकेटला गरगरवतो. इंधनाचं अस्तर सुटलं तर गोष्ट उलटी होते, आधी दाब चढतो. दाबाचा आलेख आणि फिरण्याच्या वेगाचा आलेख एकमेकांखाली ठेवले की जाणकाराला पुष्कळ कळतं. लोकांपुढे यायला हवेत ते हे दोन आलेख.

डिसेंबर २०२२ मध्ये युरोपचं वेगा-सी रॉकेट असंच गेलं. दुसऱ्या, घन इंधनाच्या टप्प्यात दाब उतरत गेला आणि दोन महागडे उपग्रह समुद्रात पडले. ३ मार्च २०२३ ला, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, कारण जाहीर झालं: नॉझलच्या घशातला कार्बनचा तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त झिजला. तो युक्रेनमधून घेतलेला होता, पदार्थ सगळीकडे सारखा दाट नव्हता, आणि तो स्वीकारताना लावलेल्या कसोट्या ही खोट पकडायला पुरेशा नव्हत्या. त्यानंतर जूनमध्ये जमिनीवरची चाचणीही फसली, तीही सांगितली गेली. रॉकेट परत उडायला डिसेंबर २०२४ उजाडला. उशीर झाला, नाचक्की झाली, पण कसोटी कुठे कच्ची होती हे जगातल्या प्रत्येक मोटार बनवणाऱ्याला कळलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरं होण्यासाठी पुढच्याने ठेच कुठे लागली ते बोलावं लागतं.

यावर घरून दोन आक्षेप येतात. पहिला, घन इंधनाची मोटार म्हणजे क्षेपणास्त्राची सख्खी बहीण, तिची माहिती उघड कशी करणार? आक्षेप रास्त आहे. पण वेगा-सी रॉकेटची मोटार त्याच जातीची होती. तिच्या अहवालात मिश्रणाचं प्रमाण किंवा साच्याची मापं नव्हती, आणि ती कुणी मागितलीही नव्हती. दुसरा आक्षेप वृत्तवाहिन्यांचा. अपयशाचा कागद बाहेर आला की रात्री नऊ वाजता शास्त्रज्ञांची धिंड निघेल, अशी भीती. ही भीतीही खोटी नाही. पण कागद नसला म्हणून धिंड टळते असं कुठे दिसलं? उलट माहितीच्या जागी अफवा बसतात, आणि घातपाताच्या कहाण्या तर बसल्या जागी तयार होतात.

चांद्रयान-२ चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम आदळला. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला भराभर वळावं लागत होतं आणि सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगाला मर्यादा घातली होती. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबरुंद. हे इतकं स्पष्ट आपल्याला इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांच्या तोंडून २०२३ मध्ये ऐकायला मिळालं, चांद्रयान-३ निघताना. त्या वेळी बदलही सांगितले: मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय सेकंदाला तीन मीटरचा आघात सोसतील इतके मजबूत केले, वेग मोजणारं लेसर उपकरण जोडलं, इंधन वाढवलं, जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली. २३ ऑगस्टला ते उतरलं. हा अभ्यास चोख होता यात वाद नाही. तो चार वर्षं अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवता आला असता. आरियान ५ च्या १९९६ च्या स्फोटाचा अहवाल तर दीड महिन्यात बाहेर आला होता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबल्यामुळे दोन्ही दिशादर्शक संगणक एकदम बंद पडले, हे आज पुण्या-नागपूरच्या संगणकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. विक्रमचं त्याला कुठून ठाऊक असणार?

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे, कारण पुढे माणसं बसणार आहेत. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांच्या उड्डाणाआधी फाल्कनमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली, तेव्हा दुरुस्ती आणि तपासणी पूर्ण झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या चमूने धरला. दुसऱ्याच्या रॉकेटबद्दल पुरावा मागायला आपण कचरलो नाही, हे उत्तमच झालं. गगनयान ज्या एलव्हीएम३ रॉकेटवर जाईल त्याच्या दोन्ही बाजूंना एस२०० या घन इंधनाच्याच मोटारी आहेत, प्रत्येकीत दोनशे टनांच्या आसपास इंधन. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा आकाराने त्यांच्यापुढे पोर आहे आणि त्याचं आवरणही वेगळं, केव्हलारच्या धाग्यांचं. त्यामुळे तिथला दोष इथे असेलच असं नाही. पण नसेल तर तो का नाही, हे चार पानांत लिहिता येतं. सेकंदागणिक काय घडलं, मूळ कारण कोणतं, जमिनीवरच्या कोणत्या चाचणीत ते पकडायला हवं होतं आणि का निसटलं, आणि आता काय बदललं. व्योममित्रा ही यंत्रमानव-बाई घेऊन गगनयानाचं पहिलं मानवरहित यान निघेल, त्याच्या आधी ही चार पानं संकेतस्थळावर यावीत, इंग्रजीत आली तरी चालतील.