खुलासा : स्पंज फिल्टर दर आठवड्याला नळाखाली धुवायचा नसतो

कोल्हापुरातल्या मासेपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘स्पंज फिल्टर दर आठवड्याला नळाखाली साबण लावून पांढराशुभ्र करा, नाहीतर मासे मरतात.’ कृपया असं करू नका. मासे मरतील ते यानेच.

स्पंज फिल्टर म्हणजे माशांच्या टाकीत ठेवलेला स्पंज : एअर पंप (हवा सोडणारं छोटं यंत्र) नळीतून त्यात हवा सोडतो, बुडबुडे वर येतात आणि त्यांच्यासोबत पाणी स्पंजातून ओढलं जातं. हा स्पंज नुसता कचरा अडवत नाही. त्याच्या छिद्रांत जिवाणू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग त्यामानाने बराच कमी घातक नायट्रेट. ही वसाहत बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपल्या नळाला येणारं पाणी, पंचगंगेचं असो की काळम्मावाडी धरणाचं, क्लोरीन टाकून शुद्ध केलेलं असतं. त्या क्लोरीनने जिवाणू मरतात. साबणाचा तर अंशही माशांना घातक.

मग धुवायचा कसा? पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळा आणि परत लावा. तपकिरी राहिला तरी चालतो, तसाच राहू द्या. बुडबुडे मंदावले की धुवायची वेळ झाली. बहुतेक टाक्यांना महिन्यातून एकदा पुरतं. दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही धुऊ नका.

मेसेजमध्ये एअर पंपाचा उल्लेखच नाही. तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) लावा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.