मामा तलावावर कारंजं कशाला?

वारसा जपायचा म्हटलं की आपल्याकडे आधी पेव्हर ब्लॉक येतात. मग रंगीत दिवे, मग सेल्फी पॉइंट. तलाव असेल तर मधोमध कारंजं. त्या पाण्यावर कोणाचं पोट आहे, हे विचारायला कोणाला सवड नसते.

वारसा जपणं म्हणजे काय ते बघायचं तर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडे जा. पूर्व विदर्भात मामा तलाव हजारोंनी आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले, नाव मात्र मालगुजाराचं लागलं. (चालायचंच!) धानाच्या बांध्यांना पाणी, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासे, गुरांना प्यायला, सगळं त्यातूनच. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायला कोणी वाली उरला नाही. बेशरम नावाची झुडपी वनस्पती तलावात माजली. रोहू-कटला या माशांचं बीज सोडायची पद्धत पडली. पाणवनस्पती गेल्या, तसे मरळ, दाडक हे इथले देशी मासेही कमी झाले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन इथे काम उभं केलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि चिखलात देशी पाणवनस्पती रोवायच्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला राहतो, हे ढिवरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक. तज्ज्ञ म्हणून त्यांनाच विचारलं गेलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रोवणीला गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्यांत बायकाही आहेत. मच्छीमार संस्थांच्या सभासद यादीत मात्र त्यांची नावं शोधावी लागतात. म्हणून कुठलाही वारसा प्रकल्प बघताना मी फलकावरचा निधीचा आकडा वाचत नाही. निर्णय घ्यायला कोण बसतं, ते विचारतो.

आता, रोहू-कटला सोडू नका असं ढिवरांना सांगणारा मी कोण? तो लवकर वाढतो, लवकर विकला जातो आणि तलावाची लीज त्यांनाच भरायची असते. देशी मासा पुन्हा वाढेपर्यंत दम धरा म्हणायचं, तर तेवढी वर्षं लीज माफ करा. कारंज्याच्या वीजबिलातून भागेल.