उरलेलं तेल

आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आईचा एकच उतारा असे: खोबरेल. बिजागरी, कात्री, छत्री, माझं डोकं. हा वारसा मी बायकोच्या स्कूटरच्या कुलपापर्यंत नेला. पावसाळाभर किल्ली अशी फिरली, की कुलपालाच चोराची ओढ लागली असावी. डिसेंबरात एका पहाटे मात्र ती जागची हलेना. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवायची असते, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. कुलपात गेलेलं तेलही तेच, एवढं सुचलं नव्हतं. जिन्याखाली उकिडवा बसून कुलपावर हेअर ड्रायर धरलेला मी दिसलो, तेव्हा दूधवाला पिशव्या ठेवून एक अक्षर न बोलता निघून गेला.

यातून काही शिकलो असतो तर पुढचं घडलं नसतं.

मेहुण्याच्या मोटारीत भरून लिटरभर इंजिनाचं तेल उरलं. "दाजी, फुल सिंथेटिक आहे, टाका तुमच्या गाडीत," म्हणाला. फुकट आणि वर महाग! मी त्याच संध्याकाळी मोटरसायकलचं जुनं तेल काढलं, नरसाळं लावलं आणि मधासारखी ती धार डोळे भरून पाहिली.

रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात गाडीने रंग दाखवला. मूठ पिळली की इंजिन बोंबलायचं, पण गाडी मात्र वरातीतल्या घोड्याच्या चालीने. मागून लाल एसटी आली आणि पुढे गेली. खिडकीतल्या एका आजोबांनी मला हात केला. निरोपाचाच असावा.

मेकॅनिकने डिपस्टिक काढली, थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला.

"काका, फोरव्हीलरचं टाकलंत?"

"सिंथेटिक आहे," मी खालच्या आवाजात.

मग त्याने बारक्याला चहा सांगितला आणि मला समजावलं. मोटारीचा क्लच बाहेर, कोरडा. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला. मोटारीच्या तेलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असू शकतात. ती क्लचप्लेटांना लागली की प्लेटा घसरतात. "इंजिनाला निसटतं लागतं, काका, आणि क्लचला धरायला लागतं. दोघं एकाच तेलात." एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे मला हे चटकन कळलं.

प्लेटा जळल्या नव्हत्या, हे नशीब. योग्य तेल आणायला नाना पेठेत गेलो.

"गाडी?" दुकानदार.

"एकशेपंचवीस."

"एमए." बाटली काउंटरवर. पाठीमागे बारीक अक्षरात जपानी मानक 'जासो' आणि पुढे ती दोन अक्षरं. इतकी वर्षं मी बाटलीवर फक्त किंमत वाचत होतो.

"आणि बायकोच्या स्कूटरला?"

"एमबी. तिचा क्लच कोरडा, बेल्टवर. तिथे निसटतं चालतं."

सलोखा होतोय असं वाटून मी बाटलीवरच्या १०डब्ल्यू-३० मधल्या डब्ल्यूचा अर्थ विचारला. वॅट असावा, हा माझा अंदाज. "विंटर," तो म्हणाला. थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा तो आकडा. शून्याखालच्या थंडीत मोजतात. आमच्याकडे पारा १२ वर आला की लोक कानटोप्या काढतात, तेव्हा हा आकडा आमच्यासाठी जरा जास्तच धाडसी. तरी त्या थिजलेल्या कुलपाच्या आठवणीने मी मान डोलावली.

"स्कूटरचं मागचं गिअर ऑइल कधी बदललंय?"

"ते वेगळं असतं?"

त्याने गणपतीच्या तसबिरीकडे पाहिलं आणि एक चिमुकली बाटली ठेवली. चेनला मी आवडीने ग्रीस थापत होतो, तेही कबूल केलं. "धूळ बसून कणीक होते त्याची. नव्वद नंबरचं गिअर ऑइल घ्या, लावा, पुसा." असं करता करता पिशवी भरली. फुकटच्या तेलाने मला एकूण किती पडलं, तो आकडा घरात अजून गुप्त आहे.

मेहुण्याचं तेल कुठे गेलं म्हणाल, तर गाडीतून काढून गाळलं आणि पुढच्या दाराच्या बिजागरीला घातलं. गुण इतका, की दार आता वाऱ्याच्या झुळकीनेही लागतं. परवा कचरा टाकायला बाहेर गेलो आणि मागे दार बंद. किल्ली आत, बायको माहेरी. मेहुण्याला फोन केला, तर म्हणाला, "येतो दाजी. आणि हो, यंदाही थोडं उरलंय."