वर्सोव्यात ‘काहीच नव्हतं’? मग वेसावे कुठून आलं?

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या वर्सोव्याबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. माझ्याकडे तो चार जणांनी पाठवला आणि त्यातले दोघे तिथल्या यारी रोडलाच राहतात. त्याचा गोषवारा असा: तीस-चाळीस वर्षांपूर्वी वर्सोव्यात काहीच नव्हतं, नुसता चिखल आणि झाडोरा. सिनेमावाले आले आणि त्यांनी वर्सोवा वसवलं. कोळीवाडा म्हणजे समुद्राकाठची झोपडपट्टी, मागाहून आलेल्यांनी धरून ठेवलेली जागा. किनारा त्यांनीच घाण केला. आणि मासेमारी तशीही संपत आली आहे, तेव्हा ती जागा मोकळी झाली तर सगळ्यांचंच भलं होईल.

शेवटच्या वाक्यासाठीच बाकीचा मजकूर लिहिला आहे, असं मला वाटतं. ‘इथे काही नव्हतं’ हे एकदा मनात बसलं की ‘इथून उठा’ म्हणायला जीभ अडखळत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘काहीच नव्हतं’ हा पहिला मुद्दा. नावापासूनच बघा. गावातले लोक आजही वर्सोवा म्हणत नाहीत, वेसावे म्हणतात आणि स्वतःला वेसावकर म्हणवतात. खाडीच्या मुखाशी, पलीकडे मढच्या टोकावर जो किल्ला दिसतो त्याचं एक नावच वेसाव्याचा किल्ला असं आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला. साष्टी, म्हणजे आजची उपनगरं ज्यावर आहेत ते बेट, त्यांच्या ताब्यात होती तेव्हा हे बंदर राखण्याजोगं होतं म्हणून बांधला. ओसाड चिखलाच्या राखणीला कोणी तटबंदी घालत नाही. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी तो घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. तीन राजवटी या खाडीच्या तोंडावरून गेल्या. तिथे गाव होतं, होड्या होत्या, मासळी होती, जकात होती. म्हणूनच तर गेल्या.

आता जरा अलीकडे या. अंधेरीला रेल्वे १८६४ मध्ये आली. त्यानंतर शहरातल्या श्रीमंतांना आणि संस्थानिकांना इथल्या समुद्राची हवा आवडू लागली आणि त्यांनी बंगले बांधले. सात बंगला आणि चार बंगला ही नावं रिक्षावाल्याला सांगताना आपल्या तोंडात सहज येतात. ती कुठल्या गृहसंकुलाची नावं नाहीत, त्या काळच्या खऱ्या बंगल्यांची आहेत. बहुतेक बंगले गेले, नावं राहिली.

आणि दादाभाई नौरोजी. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १८९२ साली निवडून गेलेला हा माणूस, १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसचा अध्यक्ष, १९०७ मध्ये इंग्लंड कायमचं सोडून परतला तो वर्सोव्याला राहायला आला. आयुष्याची शेवटची दहाएक वर्षं त्यांनी इथे समुद्राकाठी काढली. १९१७ मध्ये ते गेले. वर्सोव्याकडे येणाऱ्या मेट्रोतून आपण ज्या डी. एन. नगर स्थानकावरून जातो ते ‘डी. एन.’ म्हणजे दादाभाई नौरोजीच. ज्या गावाला देशाच्या पितामहाने आपल्या म्हातारपणाचं घर मानलं, त्या गावाचा जन्म आपण १९८५ च्या आसपास लावतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मजकुरात खरं काय आहे तेही सांगतो. लोखंडवाला संकुल आणि त्याच्या आजूबाजूचा बराच भाग ऐंशीच्या दशकात उभा राहिला आणि त्याआधी तिथे दलदल होती. हे खरं. पण दलदल म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे. तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं होती. तिवरांच्या मुळांत कोळंबी वाढते, चिंबोऱ्या राहतात, मासळीची पिल्लं मोठी होऊन मग समुद्रात जातात. ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडायच्या, निवट्या आणि चिंबोऱ्या धरायच्या, आणि संध्याकाळचं कालवण त्यातून व्हायचं. सातबाऱ्यावर ज्याची नोंद होत नाही असं ते शेत होतं. शिवाय भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरायला तीच जागा होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरली नाही म्हणजे काय होतं ते पश्चिम उपनगरांनी पाहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. ज्याला मजकूर ‘झाडोरा’ म्हणतो त्याच्यासाठी न्यायालयाला उभं राहावं लागलं.

सिनेमावाल्यांचा मुद्दा लवकर संपतो. अंधेरी-जोगेश्वरीत स्टुडिओ होते, गोरेगावला १९७७ मध्ये चित्रनगरी झाली, आणि या दोन्हींपासून जवळ, परवडेल अशा भाड्यात खोल्या मिळत होत्या त्या यारी रोड, सात बंगला, आराम नगर भागात. म्हणून ही मंडळी आली. आराम नगरच्या बैठ्या घरांत आजही ऑडिशनच्या रांगा लागतात, छोटी नाटकं होतात, आणि गावोगावची मुलं तिथे आपलं नशीब काढायला येतात. या मुलांमुळे वर्सोव्याला एक जिवंतपणा आला आहे, तो मला आवडतो. पण भाडेकरूने घराला रंग लावला म्हणून त्याने घर बांधलं असं होत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे: ‘कोळीवाडा म्हणजे झोपडपट्टी.’ बोळ अरुंद आहेत, घरं एकमेकांना चिकटून आहेत, वरून तारांची जाळी आहे; बाहेरच्या डोळ्याला तेवढंच दिसतं. पण जरा आत चालत जा. बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, मांडवी गल्ली, बुधा गल्ली, शिव गल्ली: गाव गल्ल्यांमध्ये विभागलेलं आहे, आणि कोण कुठल्या गल्लीचा ही वेसाव्यात माणसाची ओळख असते. होळी आणि नारळी पौर्णिमा गल्लीच्या नावाने होते. अशी वीण दोन पिढ्यांत पडत नाही.

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, कागदावरही तो आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख होता. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा सरकारी दफ्तरात ज्यांची नोंद आहे अशा मच्छीमार वस्त्यांचं मोजमाप करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा, म्हणजे लोकांना आपली राहती घरं स्थानिक नियमांनुसार बांधता-दुरुस्त करता येतील, असं त्यात म्हटलं होतं. केंद्र सरकारने ज्याला मच्छीमार वस्ती म्हटलं, त्याला आपण झोपडपट्टी म्हणायचं? कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या, सीमांकन करा, अशी मागणी कोळी समाज वर्षानुवर्षं करतो आहे. सीमा आखलेली नसली की जाळी विणायचं अंगण आणि मासळी वाळवायचं मैदान ‘मोकळी जागा’ ठरतं. अतिक्रमणाची खरी दिशा कुठली, हे मग ज्याने त्याने बघावं.

त्या मैदानाबद्दल थोडं सांगतो, कारण मी तिथे बऱ्याचदा उभा राहिलो आहे. पावसाळा सरला आणि ऊन पडायला लागलं की मासळी वाळत घालायच्या बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात. एक आजी टोपलीतून दोन ओले बोंबील उचलतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. गाठ नाही, आकडा नाही. बोंबलाचे दातच बोंबलाला धरून ठेवतात. नजर दुसरीकडे, तोंडाने सुनेशी बोलणं चालू, आणि बोटं आपली चाललेली. मी एकदा करून बघितलं. माझी जोडी दर वेळी सुटून वाळूत पडली. त्या हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “बोट आत घाल, त्याला वाटू दे तू घाबरत नाहीस.” या वाळवणाला वारा लागतो, ऊन लागतं आणि जागा लागते. गच्चीवर हे होत नाही.

‘किनारा यांनी घाण केला’ हा चौथा आरोप. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या वकिलाने वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली. पुढे शेकडो लोक जोडले गेले, कोळीवाड्यातलेही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या कामाची दखल घेतली आणि २०१६ मध्ये शाह यांना पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच वाळूतून समुद्राकडे गेली. त्या सफाईत वाळूखालून काय निघालं? प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टनं, चपला, बाटल्या. हे सगळं नाल्यांतून आणि खाडीतून येतं, भरतीबरोबर आत-बाहेर होतं आणि किनाऱ्यावर साचतं. मुंबईच्या सांडपाण्याची जी सात केंद्रं आहेत त्यातली वर्सोवा आणि मालाड ही दोन आपलं पाणी मालाडच्या खाडीत सोडतात. म्हणजे लाखो घरांच्या मोऱ्यांचं पाणी त्या होड्यांच्या पुढ्यातून वाहतं. फाटकी जाळी, दोर, थर्माकोल हा कोळ्यांचा वाटा आहे, तो मी लपवत नाही. पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्यालाच त्या पाण्याचा गुन्हेगार ठरवायचं हे मला पटत नाही.

आता राहिली ‘संपत आलेली मासेमारी’. वेसाव्याची मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं लांबलचक जाळं, तोंड रुंद, शेवट निमुळता. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि प्रवाहाच्या तोंडाशी उघडं ठेवतात. पाणीच मासळी आत आणतं. भरती-ओहोटीचा जोर थांबला की जाळं उचलायचं, पाणी फिरलं की पुन्हा लावायचं. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला काम जोरात असतं आणि मधल्या भांगाच्या दिवसांत मंद. घड्याळापेक्षा इथे तिथी महत्त्वाची. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, अंबाड ही सगळी डोलीची मासळी. मुंबईच्या गरीब आणि मध्यमवर्गीय ताटातला मासा प्रामुख्याने हाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा जाळी दुरुस्त होतात, होड्यांना रंग लागतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की नवं वर्ष सुरू होतं. याच धंद्याच्या गावाजवळ केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं आवार आहे. १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही देशातली नावाजलेली संस्था आज वर्सोव्यात आहे.

मासळी घटली आहे का? घटली आहे. कुठल्याही नाखव्याला विचारा, तो मोठा सुस्कारा टाकेल. पर्ससीन, म्हणजे मासळीला चहूबाजूंनी वेढून घेणाऱ्या जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जातात. २०१६ मध्ये राज्याने त्यावर निर्बंध आणले. दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. खाडीत गाळ इतका साचला आहे की ओहोटीला होड्या चिखलात बसतात आणि भरतीची वाट बघत माल अडकून राहतो. डोलीच्या बारीक आसांत, म्हणजे जाळ्याच्या भोकांत, लहान पिल्लंही येतात, हा दोष कोळ्यांमधलेच जाणते लोक मान्य करतात. ही सगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकावर इलाज आहे: गाळ काढा, नियम पाळायला लावा, आस मोठे करा, सांडपाणी शुद्ध करून सोडा. आजारी माणसाचं घर वाटून घ्यायची भाषा इलाजात येत नाही.

वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, पुढचे रस्ते आणि पूल आखले जात आहेत. ते होऊ नयेत असं मी म्हणत नाही. जयप्रकाश मार्गावरच्या गर्दीत मीही अडकतो. पण वरळीत काय झालं ते लक्षात ठेवा. किनारी रस्त्याच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं तर होड्या सुखरूप जाणार नाहीत, असं तिथले मच्छीमार ओरडून सांगत होते. त्यांचं ऐकायला वेळ लागला, पण शेवटी ते अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. पाणी कसं वळतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला आधीच विचारलं असतं तर खर्चही वाचला असता आणि मनस्तापही.

ज्या दोघांनी यारी रोडवरून मला हा मजकूर पाठवला त्यांना मी एवढंच कळवलं आहे: येत्या रविवारी भरतीची वेळ बघून वेसाव्याच्या धक्क्यावर या, तिथून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, मढला जाऊ. रस्त्याने मालाडचा मोठा वळसा पडतो, तरीने पाच-दहा मिनिटं. मधोमध गेल्यावर मागे वळून बघायचं. सगळ्यात पुढे होड्या दिसतात, एकीला एक लागून, झेंडे लावलेल्या. त्यांच्या मागे वलांडी, त्यामागे कौलं आणि पत्रे, आणि पार मागे तुमच्या इमारती. एकाने ‘येतो’ म्हणून उत्तर दिलं आहे.