भूप, देशकार आणि ४७ हर्ट्झ: एका प्रतिक्रियेला उत्तर

आवाज आणि त्याचं लेखी वर्णन यांची जुळणी करणाऱ्या लायन-क्लॅप या संगणकी मॉडेलबद्दल मी लिहिलं होतं. त्यातलं ‘मॉडेलला गाण्यातली संध्याकाळ कळते’ हे माझं वाक्य आपल्याला फसवं वाटलं. संध्याकाळचा भूप आणि सकाळचा देशकार दोन्ही ‘सायंकाळचा शांत राग’ या इंग्रजी वर्णनाशी ताडून पाहिले, साम्य ०.३१ आणि ०.३० आलं, म्हणजे मॉडेल नुसती लेबलं वाचतं, असं आपण म्हणता. वाक्य सैल होतं, मान्य. लेबलांचं मात्र पटत नाही.

लायन-क्लॅपला शोधाच्या वेळी फाइलचं नावसुद्धा दिसत नाही, मिळतो तो फक्त १० सेकंदांचा आवाज. लेबलांचं काम शिकवणीपुरतं: जोडीतल्या आवाजाचा आणि वर्णनाचा व्हेक्टर (मॉडेलने त्यांना दिलेली आकड्यांची यादी) जवळ ओढायचा, परक्या जोड्या लांब ढकलायच्या. चित्रं आणि मजकूर जोडणाऱ्या क्लिप या मॉडेलने २०२१ मध्ये ४० कोटी चित्रं आणि त्यांच्या ओळींवर हेच केलं. म्हणून ‘सतार’, ‘संथ लय’ पक्कं बसतं, कारण वर्णन लिहिणारे तेच लिहितात. वादी, म्हणजे रागातला सर्वात महत्त्वाचा स्वर, कोण लिहितो?

त्यात आपण निवडलेली जोडी भलतीच अवघड. स्वर तेच पाच. भूपात जोर गंधारावर, देशकारात धैवतावर. १० सेकंदांत हा तोल कळायला गायकाची मेहेरबानी लागते.

पण खरी गोम त्याच्याही आधी आहे. सॅम्पलिंग ४८,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने; एका वेळी तपासायची खिडकी १०२४ नमुन्यांची, भागाकार ४६.९, म्हणजे कंप्रतेचा एकेक खण साधारण ४७ हर्ट्झ रुंद. सा २४० वर धरला तर कोमल गंधार २८८, शुद्ध गंधार ३००. अंतर १२! दोघेही एकाच खणात. पुढे हे खण ६४ मेल पट्ट्यांत (कानाच्या जाणिवेनुसार आखलेल्या कंप्रतेच्या पट्ट्यांत) एकत्र होतात, तिथे हे आणखी मिसळतं. चौथ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ कंप्रतेच्या चौपटीवर, अंतर ४८ होतं खरं, पण तिथे तंबोऱ्याचीही गर्दी असते. जिथे कोमल-शुद्ध धूसर, तिथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेची काय कथा.

रागच हवा असेल तर स्वररेषा वेगळी काढा. आधी गळा साथीपासून सोडवा, नाहीतर हार्मोनियममुळे सप्तक चुकतं. दर १० मिलिसेकंदाला कंप्रता मोजा, सा हाताने ठरवा, १२०० × लॉग२(कंप्रता ÷ सा) या सूत्राने सेंट (सप्तकाचा बाराशेवा भाग) काढा आणि १०-१० सेंटच्या १२० खणांत मोजणी करा. सा चुकला की सगळं चुकलं. भूप-देशकारसाठी तीनेक मिनिटं तरी घ्या, न्यासाचे, म्हणजे गायक जिथे थांबतो ते, स्वर वेगळे मोजा.

०.३१ आणि ०.३० हे गुण नव्हेत. आवाज आणि मजकूर यांचे व्हेक्टर एकाच अवकाशात असूनही वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, त्यामुळे अचूक जोडीचा आकडाही लहानच येतो. वीस-पंचवीस वर्णनं द्या आणि क्रम पाहा.

‘लावणी’ असं मराठीत टाकल्यावर निघालेल्या विचित्र निकालांचं कारण साधं आहे: मजकुराची बाजू इंग्रजीवर शिकलेली, तिला हा शब्द म्हणजे १५ बाइटचे तुकडे. इंग्रजीत ‘ढोलकी, स्त्रीचा आवाज, जलद लय’ असं लिहून पाहा.